काचेला काच, पाठीला पाठ

तयार तसबिरी रचून ठेवायची एक रीत असते. काचेला काच, पाठीला पाठ. पाठीमागे खिळे असतात, कड्या असतात. तिथं दुसऱ्या तसबिरीची काच टेकली की ओरखडा पडलाच म्हणून समजा. त्यामुळे दोन-दोन देव तोंडाला तोंड लावून उभे राहतात. बडोद्याच्या रावपुऱ्यात आमचं तसबिरींचं दुकान. तिथं वडिलांच्या वेळेपासून असे देव उभे आहेत. जलारामबापांच्या काचेला मक्केची काच, गायत्रीमातेच्या पाठीला येशूची पाठ आणि मध्येच कुणाच्या तरी वारलेल्या आजोबांचा मोठा करून आणलेला फोटो. "इतकी वर्षं शेजारी उभे आहेत, एकाचीही तक्रार नाही," असं वडील गिऱ्हाइकांना सांगायचे. गिऱ्हाईक हसायचं. पुढे मीही ते वाक्य वापरत राहिलो. २००७ च्या मे महिन्यात ते माझ्या तोंडातून गेलं, ते परत आलं नाही.

पण आधी त्याच्या सव्वा वर्ष मागं जायला हवं.

२००६ चा फेब्रुवारी. डेन्मार्कच्या एका वर्तमानपत्रानं आदल्या सप्टेंबरात पैगंबरांवर बारा व्यंगचित्रं छापली होती आणि त्याचा वणवा तोवर जगभर पसरला होता. उत्तर प्रदेशातल्या एका मंत्र्यानं चित्रकाराच्या डोक्याला ५१ कोटींचं बक्षीस लावलं. आमच्या दुकानाच्या ओट्यावर संध्याकाळी बैठक बसते. तेव्हा तिच्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, दांडिया बाजारात क्लास चालवणारे सर होते आणि शेजारचा घड्याळवाला गुजराती भाई दुकान बंद करून जाता जाता टेकायचा. त्या दिवशी सर फार रंगात आले होते. चित्राला उत्तर चित्रानं द्या, लेखाला लेखानं द्या, डोकी कसली मागता. ज्या धर्माला विनोद सोसत नाही तो आतून पोकळ असला पाहिजे वगैरे. काकांनी टाळी दिली. मीही दिली. चूक काय होतं त्यात? डोक्याला बक्षीस लावणं म्हणजे मत नव्हे, तो गुन्हाच.

त्याच आठवड्यात कुणीतरी वर्तमानपत्रातलं एक कात्रण आणलं. पैगंबरांचं नव्हतं, दाढीवाला एक मौलवी फतव्यांचं भेंडोळं घेऊन पळतोय, असं काहीतरी देशी व्यंगचित्र होतं. माझ्या काउंटरवर जाड काच आहे. तिच्याखाली कॅलेंडर, व्हिजिटिंग कार्डं, मोल्डिंगच्या दरांचा कागद असं सरकवलेलं असतं. त्यातच ते कात्रण गेलं. कोणी सरकवलं ते आठवत नाही. काढलं नाही, ते मात्र मी.

आता फाइन आर्ट्सबद्दल. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ही फॅकल्टी १९५० सालची. चित्रकलेच्या विभागाचे पहिले प्रमुख चित्रकार ना. श्री. बेंद्रे, इंदूरचे आपले मराठी माणूस. या फॅकल्टीच्या पोरांवर आमचं अर्धं दुकान चाललं. आठवड्यातून एखादं तरी पोर यायचं, बोटांना शाई, पाठीवर कागदांची नळी. "काका, सस्तामां सस्ती पट्टी बतावो ने," हे ठरलेलं. त्यांच्यामुळे आम्हांलाही थोडं कळायला लागलं होतं. बडोद्याचे चित्रकार भूपेन खख्खर यांनी साठच्या दशकात देवांची बाजारू छापील चित्रं कापून कोलाज केले होते, म्हणजे आम्ही जे काचेमागं बसवतो तेच त्यांनी कात्रीनं कापलं होतं. त्यावरून बडोद्यात कुणाच्या घराची काच फुटल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याही आधी, १८८८ साली, सयाजीरावांनी राजा रविवर्म्याला चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं. नंतर त्याच्या छापखान्यातून देव घरोघर गेले. आज आपण डोळे मिटले की लक्ष्मी जशी दिसते, सरस्वती जशी दिसते, त्यात रविवर्म्याचा हात आहे. माणसाला समोर बसवून काढलेले ते देव. आजच्या नजरेनं पाहायचं तर तोही एक गुन्हाच व्हायचा.

मे २००७. वार्षिक परीक्षेसाठी विद्यार्थ्यांनी आपापली कामं मांडली होती. चंद्रमोहन नावाच्या एका विद्यार्थ्याच्या मोठ्या छापचित्रांत एक देवीचं होतं, एक क्रुसाचं. ९ मे रोजी काही लोक आत घुसले, पोलीस आले आणि पोलिसांनी घुसणाऱ्यांना सोडून चित्रकाराला नेलं. क्रुसाच्या चित्रावर चर्चच्या मंडळींचाही आक्षेप होता. त्यामुळे ही एकाच धर्माची गोष्ट नव्हती, हे तेव्हाही पुष्कळांच्या सोयीचं नव्हतं. विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून आपल्याच मंदिरांतल्या शृंगारिक शिल्पांच्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं. विद्यापीठानं ते बंद करायला सांगितलं, प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला आणि ते निलंबित झाले. चंद्रमोहन पाचेक दिवसांनी जामिनावर सुटला.

ते चित्र मला आवडलं असतं का? वर्णन ऐकून तरी वाटत नाही. माझ्या आईनं पाहिलं असतं तर तिला दुःख झालं असतं आणि आईचं दुःख मी खोटं म्हणणार नाही. भावना दुखावल्या असं म्हणणारा प्रत्येक माणूस नाटकं करतो, असं आमच्या सरांसारखं मला म्हणवत नाही. सर तसं म्हणाले होते २००६ मध्ये. २००७ मध्ये त्याच ओट्यावर, त्याच चहाच्या कपावर ते म्हणाले, "कलेच्या नावाखाली काय वाटेल ते चालवून घ्यायचं का? आणि आपल्याच देवांचं का काढतात? त्यांचं काढून दाखवा म्हणावं."

क्रुसाचं काढलं होतं. आणि "त्यांचं" ज्यानं काढलं होतं त्याच्यासाठी आपण टाळ्या दिल्या होत्या. हे मी बोललो का? नाही. मी पट्टी कापत होतो.

त्या वेळी दुकानात एका मुलीची चार एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून घेतलेली छापचित्रं, होती. तीही फाइन आर्ट्सचीच, कोल्हापूरकडची, शेवटच्या वर्षाची. काळी अर्धा इंची पट्टी, पांढरा माउंट, दोनशे रुपये आगाऊ. चारांपैकी एकात एक बाई वाघाच्या पाठीवर झोपली होती. अंगावर कपडा नव्हता, पण हातात शस्त्र नव्हतं, डोक्यामागं प्रभावळ नव्हती. ती देवी नव्हती. ती झोपलेली बाई होती. १० तारखेला सकाळी मी ते चित्र उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. रचायची रीत म्हणून नाही. संध्याकाळी पुन्हा पाहिलं आणि वाटलं, पाठीकडूनही दिसत असेल. मग वर वर्तमानपत्र गुंडाळलं.

दोन दिवसांनी ती आली. मी म्हटलं, "बेटा, सध्या जमणार नाही. घेऊन जा. पैसे परत देतो." तिनं कारण विचारलं नाही. चारही कागद तपासून नळीत घातले. तोवर तिची नजर काउंटरवर गेली होती. काचेवर बोट ठेवून ती म्हणाली, "काका, हे चालतं होय?"

बोटाखाली तो पळणारा मौलवी होता.

ती दोनशे रुपये न घेताच गेली. मी मात्र भलत्याच हिशेबात पडलो. आमच्याकडे काच आणतात ते चाचा. तेव्हा साठीचे. महिन्यातून दोनदा हातगाडीवर पेटी घेऊन यायचे, पेटी उतरवायचे, बिलबुक काउंटरवर ठेवायचे आणि चष्मा कपाळावर चढवून बिल लिहायचे. बिलबुक कुठं ठेवत असतील? त्याच काचेवर. पंधरा महिने, महिन्यातून दोनदा, त्या कात्रणाच्या बरोबर वर. तीस वेळा. एकदाही बोलले नाहीत. मी ते कात्रण काढलं तेव्हा कागद काचेला चिकटला होता. मौलवीचा एक पाय काचेलाच राहिला, तो ब्लेडनं खरवडावा लागला.

इथं थांबलो तर गोष्ट फार छान होते. चाचा सोशीक, मी दुटप्पी, मुलगी शहाणी. पण चाचांशी माझं नंतर बोलणं झालं, म्हणून थांबता येत नाही. मेमध्ये ते म्हणाले होते, "अरे भाई, कलाकार बच्चा है, उसको क्या जेल में डालना." मला फार बरं वाटलं. त्याच नोव्हेंबरात बांगलादेशी लेखिका तस्लिमा नसरीनवरून कोलकात्यात दंगल झाली, तिला रातोरात शहराबाहेर काढलं. मी विषय काढला, तर चाचा बिल लिहिता लिहिता म्हणाले, "वो तो होना ही था. ऐसा लिखेगी तो." मान वर केली नाही. मी म्हटलं, "चाचा, और वो बच्चा?" ते म्हणाले, "वो अलग बात है."

वो अलग बात है. हेच चार शब्द मी सरांच्या तोंडून मराठीत ऐकले होते.

तरीही दोघांचा दुटप्पीपणा सारखाच, असं म्हणून मोकळं व्हायला मन धजत नाही. याच गावात १ मार्च २००२ च्या रात्री हनुमान टेकडीला बेस्ट बेकरी जळाली, चौदा माणसं गेली. २००६ च्या मेमध्ये चांपानेर दरवाजाजवळचा दर्गा रस्त्यासाठी पाडला आणि शहर पुन्हा पेटलं. तेव्हा दहा दिवस चाचांची काच आली नव्हती. अकराव्या दिवशी ते आले तेव्हा मी "कसे आहात" विचारायच्या ऐवजी पेटीत फूट किती ते विचारलं. सरांचं "अलग" आणि चाचांचं "अलग" शब्दाला शब्द एकच, पण सरांच्या फोनवर फौजदार येतो. चाचांना फौजदाराचा फोन येतो. कोलकात्यात पारडं उलटं फिरलं असेल, ढाक्यात तर पुरतं उलटं. त्या त्या गावात ज्याची गर्दी मोठी, त्याचीच भावना कायद्याला आधी ऐकू येते.

कायद्याचंच सांगतो, कारण त्याची जन्मकथा मला फार उशिरा कळली. १९२० च्या दशकात लाहोरच्या राजपाल नावाच्या प्रकाशकानं पैगंबरांच्या खासगी आयुष्यावर एक टवाळ पुस्तिका छापली. खटला झाला, पण १९२७ मध्ये हायकोर्टानं त्याला सोडलं, कारण लागू पडेल असं कलमच नव्हतं. लोक खवळले. मग त्याच वर्षी दंडविधानात धार्मिक भावना दुखावण्याविरुद्धचं कलम २९५ अ घातलं गेलं. राजपालला ते लागू झालं नाही. त्याला १९२९ मध्ये भोसकून मारलं. गंमत म्हणजे विधेयकावर चर्चा चालू असताना, धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्याला संरक्षण हवं, असं बजावून सांगणाऱ्यांत जिना होते. म्हणून कलमात "हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीनं" असे शब्द आले. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कलम वैध ठरवलं, २०२४ च्या जुलैपासून नव्या न्याय संहितेत ते २९९ झालं. नंबर बदलला. दुष्ट बुद्धी होती की नाही हे कोर्ट ठरवणार, पण ते वर्षांनी. अटक त्याच संध्याकाळी. लाहोरच्या मुसलमानांची समजूत काढायला आणलेलं कलम ऐंशी वर्षांनी बडोद्यात देवीसाठी आणि क्रुसासाठी लागलं. कलमाला धर्म नसतो हे खरंच म्हणायचं.

आमच्याकडे मराठी लोक स्वतःला सुधारकांचे वारस समजतात. बडोद्याचे तर जरा जास्तच. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत, जिथं पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या लाद्या आहेत (मी पुस्तकांआधी त्या लाद्या पाहायला गेलो होतो, धंद्याची खोड), तिथं मी आगरकर वाचले. त्यांच्या जिवंतपणी पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. ती गोष्ट आम्ही आज कौतुकानं सांगतो, कारण आगरकर आता कुणाला टोचत नाहीत. सयाजीरावांनी १९१५ मध्ये पुरोहितांसाठी कायदा केला: परीक्षा द्या, मंत्रांचा अर्थ यजमानाला समजेल असा सांगता आला पाहिजे, मगच विधी करा. आज असं विधेयक कोणी मांडेल? कोणत्याही धर्माच्या पुरोहितांसाठी? मी ओट्यावर हे विचारलं तेव्हा सर म्हणाले, "महाराजांची गोष्ट वेगळी." पुन्हा तेच.

तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवायला लावणाऱ्यांना आम्ही तीनशे वर्षांनंतरही माफ केलेलं नाही. आणि २००९ मध्ये त्याच तुकोबांवर कादंबरी लिहिणाऱ्या आनंद यादवांना, ती वारकऱ्यांना रुचली नाही म्हणून, माफी मागावी लागली, पुस्तक मागं घ्यावं लागलं आणि महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचं निवडून आलेलं अध्यक्षपद सोडावं लागलं. ज्या वहीला पाण्यात ढकललं तिचे भक्त आम्ही आणि आता काठावर उभेही आम्हीच. त्याबद्दल बैठकीत एक दिवस चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी क्रिकेट.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे, ती एका दोनअक्षरी शब्दाची. २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याच्या एका चर्चबाहेरच्या क्रुसातून पाणी ठिबकायला लागलं, लोक तीर्थ म्हणून प्यायला लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिलं आणि सांगितलं की हे तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून वर चढतंय. कॅथलिक संघटनांनी त्यांच्यावर तक्रारी केल्या, हेच २९५ अ, आणि ते फिनलंडला निघून गेले. आमच्या ओट्यावर त्या गटाराच्या तीर्थावर आठवडाभर विनोद चालले. "विज्ञान सांगितलं तर केस? हद्द झाली," काका म्हणाले होते. मी हसलो होतो. दीड वर्षानं, २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी, पुण्याच्या पुलावर नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्या संध्याकाळी काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फार वाईट झालं. पण..."

त्या "पण"च्या पुढं काय होतं ते मला नीट आठवतही नाही. श्रद्धा, अतिरेक, फक्त हिंदूंच्याच मागं लागणं, असलं काही. काका सज्जन माणूस. मुंगी मारणार नाहीत. त्यांच्या घरचा गणपती मी स्वतः मखरात बसवलेला आहे. पण गोळी आणि दुःख यांच्यामध्ये तो शब्द त्यांनी जितक्या सहज ठेवला, तितक्या सहज मी काचेखाली कात्रण ठेवलं होतं. पैगंबरांची व्यंगचित्रं छापणाऱ्या पॅरिसच्या 'शार्ली एब्दो' साप्ताहिकावरच्या हल्ल्यात २०१५ मध्ये बारा माणसं मारली गेली तेव्हा आमच्या ओट्यावर एकाच्याही तोंडी "पण" नव्हता. तो तेव्हा चाचांच्या तोंडी होता.

तेव्हापासून मी एक खेळ करतो, मनातल्या मनात. कुणी काही वाचून दाखवलं की त्यातली नावं बदलतो. मौलवीच्या जागी महाराज, देवीच्या जागी मेरी, चर्चच्या जागी गुरुद्वारा. मग पाहतो, मला अजून तितकंच हसू येतंय का, किंवा तितकाच राग. बहुतेक वेळा येत नाही. आमच्या धंद्यात चौकट काटकोनात आहे का हे पाहायला दोन्ही कर्ण मोजतात, एकाच टेपनं. एक कर्ण सुताभर लांब निघाला की कोपरा ठोकून घ्यायचा. लाकडाचं सोपं आहे, ते ठोकून घेतं.

मे २०२२ मध्ये पुन्हा तेच झालं. पुन्हा फाइन आर्ट्स, पुन्हा वार्षिक प्रदर्शनाचे दिवस. स्त्रियांवरच्या अत्याचारांच्या बातम्यांची कात्रणं घेऊन त्यांतून देवींच्या आकृत्या कापलेल्या. विद्यार्थ्याला विद्यापीठानं काढून टाकलं. सर आता नाहीत, काका मुलाकडे पुण्याला असतात. ओट्यावर घड्याळवाल्याचा मुलगा आणि मी. त्यानं मोबाइलवर बातमी दाखवली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी म्हटलं, "बातमी वाचून ज्याला राग आला नाही, त्याला कात्रण पाहून आला." तो काही बोलला नाही. मलाही ते वाक्य जरा जास्तच जमून आल्यासारखं वाटलं. पंधरा वर्षांपूर्वी जेव्हा काही किंमत होती तेव्हा सुचलं असतं तर.

चाचा गेले, त्यांचा मुलगा आता टेम्पोतून काच आणतो. बिल मोबाइलवर येतं, त्यामुळे काउंटरवर कुणी बिलबुक ठेवत नाही. काचेखाली मी दरांच्या कागदाशिवाय काही ठेवत नाही, ही सुधारणा आहे की भीती, ते विचारू नका.

परवा माळा आवरताना जुनी वही सापडली. "एचिंग ४ नग, काळी अर्धा इंच, आगाऊ २००." समोर टिकमार्क नाही. त्या चार चौकटींच्या पट्ट्या मी तेव्हाच कापून ठेवल्या होत्या, सोळाच्या सोळा. सुतळीनं बांधलेली जुडी वहीशेजारीच होती. नात म्हणाली, "आजोबा, कशात तरी वापरून टाका ना." लावून पाहिल्या. तिची मापं चमत्कारिक होती, साडेअकरा बाय सतरा. त्या मापाचा देव येत नाही.